उन्हाआधीची दहा मिनिटं

“संदेश, हनुवटी वायच खाली,” अनिल म्हणाला, आणि कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या मुलाने हनुवटी खाली घेतली. त्या मुलाचं नाव ऋत्विक होतं. नाव चुकलं हे त्याला कळलं होतं, पण ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तो मुद्दाम शांत उभा राहिला. त्याच्या शेजारी अबोली रंगाच्या साडीत वेदिका होती. तिने अनिलकडे बघितलं नाही. तिने ऋत्विककडे बघितलं, पटकन, खालून वर, मुलाला कुठे लागलं तर नाही ना हे बघावं तसं. तेवढ्यात अनिलचं बोट दाबलं गेलं. पस्तीस वर्षांची सवय. समोरच्या चेहऱ्यावर काही उमटलं की त्याच्या बोटाला ते आधी कळायचं, त्याला मागाहून.

भाट्याच्या पुळणीवर तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. सूर्य उगवला होता, पण डोंगराच्या पलीकडे. सुरूच्या बनात अजून काळोख होता आणि पूर्वेचं आभाळ मात्र पुरतं उजळलेलं. ही दहा मिनिटं अनिलची. माणसांना समुद्राकडे पाठ करून उभं केलं की ते सगळं आभाळ त्यांच्या डोळ्यांत उतरतं. नाकाखाली सावली पडत नाही, कपाळाला आठी येत नाही, माणूस आपल्याच विचारात असावा तसा दिसतो. रत्नागिरीत लग्नाआधीचे फोटो काढणारी पोरं आता गल्लोगल्ली झाली होती, त्यांच्याकडे ड्रोन होते, रंगीत धुराच्या नळकांड्या होत्या, आणि त्यांना हवी असायची ती संध्याकाळच, बुडता सूर्य दोघांच्या ओंजळीत धरायला. अनिल आपल्या गिऱ्हाइकांना साडेसहाला बोलवायचा. थंडीने कुडकुडत, जांभया देत माणसं यायची आणि फोटो हातात पडले की दुसऱ्यांना त्याच्याकडे पाठवायची. ह्या दहा मिनिटांत तो कामापलीकडे बोलत नसे, पाणी पीत नसे, फोन उचलत नसे.

त्याने पडद्यावर आत्ताचा फोटो बघितला. ऋत्विक समोर बघत होता आणि वेदिका ऋत्विककडे. फोटो उत्तम होता. इतका, की तो मोठा करून दुकानाच्या दारात लावावा. आणि तो बघताना अनिलला तिचा राग आला. त्याचा मुलगा संदेश जाऊन सव्वादोन वर्षं झाली होती, ह्याच मुलीचा त्याच्याशी साखरपुडा झाला होता, आणि आज ती ह्या दुसऱ्या मुलाला नुसत्या एका नावाने लागू नये म्हणून जपत होती. संदेशकडे तिने असं बघितलं होतं का, ते अनिल आठवायला लागला. आठवेना. हसलेली आठवत होती, लाजलेली, त्याच्या पाठीत गुद्दा घातलेलाही आठवत होता. असं बघितलेलं नव्हतं. की त्यानेच तेव्हा नीट बघितलं नव्हतं? त्याने लेन्स काढली. बॅगेतून दुसरी लेन्स काढली, फडक्याने पुसली, पुन्हा पुसली. मग बॅटरी बदलली. ती भरलेलीच होती. दोघं उभी होती. वेदिका एकदा डोंगराकडे बघून म्हणाली, “काका, ऊन येईल आता.”

“येऊ दे,” अनिल म्हणाला.

तिला सगळं कळत होतं. उन्हाआधीच्या वेळेचं महत्त्व तिला त्यानेच तर सांगितलं होतं. ऊन डोंगरावरून उतरलं, सुरूच्या शेंड्यांवरून घसरून वाळूवर आलं आणि थेट दोघांच्या तोंडावर. मग अनिलने कॅमेरा उचलला आणि साठ-सत्तर फोटो काढले. दोघांचे डोळे बारीक झालेले, नाकाखाली काळ्या सावल्या. “छान,” तो म्हणाला. “झालं.” ऋत्विकने त्याची बॅग उचलून स्कूटरपर्यंत आणून दिली आणि म्हणाला, “काका, सकाळी सकाळी तुम्हाला त्रास दिला.” वेदिका पाठमोरी वाळूत चपला शोधत होती.

भाट्याच्या पुलावरून स्कूटर नेताना खाडीचा वारा त्याच्या तोंडावर येत होता आणि त्याला वाटत होतं, आपण चोरी केली. उजेडाची चोरी. कुणी पकडणार नाही, कुणाला सांगता येणार नाही. ती मुलगी आठ दिवसांपूर्वी दुकानात आली तेव्हाच नाही म्हटलं असतं तर हे झालं नसतं. दुपारची, गिऱ्हाईक नसलेली वेळ बघून ती आली होती. बसली नाही. काउंटरच्या काचेवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. “काका, माझं लग्न ठरलं,” ती म्हणाली. “मुलगा अलोऱ्याचा. वडील कोयना प्रकल्पात होते, अजून तिथे कॉलनीतच राहतात. तो लोट्याला कंपनीत आहे, केमिकलच्या.” अनिल म्हणाला, “बरं झालं.” “फोटो तुमच्याकडून काढायचेत,” ती म्हणाली. “नाही म्हणालात तरी मी समजून घेईन.” त्याने डायरी उघडली आणि तारीख विचारली. तारीख लिहून झाल्यावर विचारलं, “त्याला सांगितलंयस ना सगळं?” ती म्हणाली, “पहिल्या भेटीतच. दुसरं काही बोललेच नाही.” ती गेल्यावर काचेवर तिच्या तळहातांची वाफ थोडा वेळ दिसत होती आणि वाफ विरेपर्यंत तो बघत बसला. आपण हो का म्हणालो हे त्याला तेव्हाही कळलं नव्हतं. एवढंच ठरवलं होतं, की बायकोला, कमळाला, हे कळता कामा नये.

कमळाला सोसणार नाही. हे वाक्य गेली सव्वादोन वर्षं तो सगळ्यांना सांगत आला होता. संदेश जहाजावर इंजिनात होता, थर्ड इंजिनिअर. जुलैत गेला, आणि नोव्हेंबरच्या एका सकाळी, हिंदी महासागरात कुठेतरी, ऊन वर आल्यावर हजेरी घेतली तेव्हा तो जहाजावर नव्हता. आदल्या रात्री आठला त्याला जेवताना चार जणांनी बघितलं होतं. कंपनीने दीड दिवस शोध घेतला, मग पत्र पाठवलं, मग एक खोका. खोक्यात कपडे, दाढीचं सामान आणि कमळाने दिलेली कुळथाच्या पिठाची पिशवी, अर्धी संपलेली. कमळाने ती पिशवी हातात धरून वजन केल्यासारखी हलवली आणि फळीवर ठेवून दिली. त्यानंतर ती फारशी बोलली नाही, रडलीही नाही. अनिलचे मोठे भाऊ आप्पा वर्षभराने आले आणि ओटीवर बसून हळूच म्हणाले, “अनिल, देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करतात. भटजींना विचारलंय मी. दिवस करून टाकूया. त्या पोराला वाट मिळू दे.” अनिल म्हणाला, “कमळाला सोसणार नाही.” पुन्हा कधी आप्पांनी विषय काढला नाही. भिंतीवर संदेशचा फोटो लागला नाही, कारण लावला तर हार घालावा लागला असता. लोक म्हणायचे, अनिल बायकोला किती जपतो.

आणि एक गोष्ट त्याने कमळालाही सांगितली नव्हती. संदेशला फोटोचं वेड नव्हतं. फोटोवाल्याचा मुलगा असूनही त्याने कधी कॅमेरा मागितला नाही. पण जहाजावर गेल्यावर तो मधूनमधून बापाला समुद्राचे फोटो पाठवायचा, मोबाइलवर काढलेले, क्षितिज तिरकं झालेले. एकदा त्याने आवाजात निरोप पाठवला होता: “बाबा, इथे सूर्य पाण्यातूनच उगवतो आणि पाण्यातच बुडतो. नंतर बघितलं की माझं मलाच कळत नाही, सकाळचा फोटो की संध्याकाळचा.” अनिल तेव्हा हसला होता. जन्म समुद्राकाठी गेला, पण त्याने पाण्यातून उगवणारा सूर्य बघितला नव्हता. त्याचा सूर्य डोंगरातून यायचा. मग तो शेवटचा फोटो. संदेश नाहीसा झाल्यावर चार दिवसांनी अनिलच्या मोबाइलवर आला, जहाजावरचं इंटरनेट असंच अडत-अडत चालायचं. लाल गोळा पाण्याला टेकलेला, वर ढगाची एक पट्टी, खालच्या कोपऱ्यात जहाजाचा कठडा. सोबत एक शब्दही नाही. कधी काढला ते त्यातून कळायला मार्ग नव्हता. वाटेत त्यातली वेळ पुसली गेली होती. अनिलने तो मोठा करून किती वेळा बघितला असेल. रंग तपासला, ढगाची कड तपासली. कठड्यावर ओल होती. ते दव असेल तर सकाळ, लाटेचे शिंतोडे असतील तर काहीही. पस्तीस वर्षं सकाळ आणि संध्याकाळ ओळखण्यावर त्याने पोट भरलं होतं आणि ह्या एका फोटोत त्याला ते ओळखता येत नव्हतं. संध्याकाळचा असेल तर त्यानंतर जेवण, मग काळोख, आणि काळोखात काय झालं ते झालं. सकाळचा असेल तर ती रात्र ओलांडून संदेशने आणखी एक उजाडताना बघितलं होतं.

दुपारी तो जेवायला घरी आला. कमळाने बांगड्याचं तिखलं केलं होतं. पाट मांडून, पान वाढून ती नेहमीसारखी समोर बसली आणि म्हणाली, “कुणाचं होतं सकाळी?”

“लांज्याची माणसं,” अनिल म्हणाला.

तिने त्याच्या पानात भात वाढला, त्यावर तिखलं घातलं. मग पळी पातेल्यात ठेवत म्हणाली, “कशी दिसत होती?”

“कोण?”

“वेदिका.”

अनिलचा हात भातातच राहिला. कमळा त्याच्याकडे बघत नव्हती, ती पानाच्या कडेला सांडलेली शितं बोटाने गोळा करत होती. “तुमच्या दुकानात यायच्या आधी ती माझ्याकडे आली होती,” ती म्हणाली. “ह्या इथं बसली नि रड रड रडली. मला विचारलंन, काकी, करू का मी लग्न? मी म्हटलं, कर गो बाय. कुणासाठी थांबतेस? मग म्हणाली, फोटो कुणाकडून काढू? मीच सांगितलं, त्यांच्याकडे जा. तुझा चेहरा त्यांच्यासारखा कोण काढणार?”

“मला बोलली नाहीस तू.”

“तुम्ही मला बोललात?” तिचा आवाज चढला नव्हता. “आप्पांना सांगितलंत, कमळाला सोसणार नाही. सगळ्या गावाला सांगितलंत. मला कधी विचारलंत? मला खोका आला तेव्हाच कळलं. पीठ अर्ध्यावर टाकून पोरगा कुठं जाईल? मी आपली गप्प बसले. म्हटलं, ह्यांना सोसेल तेव्हा बघू.”

बाहेर कुणाच्या तरी बागेत फवारणीचा पंप चालू होता, त्याची घरघर इतका वेळ चालू असावी, अनिलला आत्ता ऐकू आली. सव्वादोन वर्षं तो हिच्या दारात पहारा देत उभा होता आणि आत कुणी लपलेलंच नव्हतं. ती आपली बाहेर येऊन, त्याच्यामागे बसून, तो कधी वळतो म्हणून बघत होती. त्याला तिची लाज वाटली, मग स्वतःची. आणि मग, इतक्या सगळ्यातून त्याला सांगावंसं वाटलं ते हेच: “सकाळी मी त्यांचे फोटो बिघडवले.”

“बिघडवलेत म्हणजे?”

“ऊन येऊ दिलं. मुद्दाम.”

तीस वर्षांच्या संसारात कमळाने कॅमेऱ्याला हात लावला नव्हता, पण ह्याचा अर्थ तिला कळला. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. रागावली नाही. “जेवा,” ती म्हणाली. “मग तिला फोन करा, नि परत काढा.”

त्याने वेदिकाला फोन केला. तो म्हणाला, “सकाळचे नीट आले नाहीत. चूक माझी. संध्याकाळी आऱ्या-वाऱ्याला याल का?” ती म्हणाली, “ऋत्विकची रात्रपाळी आहे, चारला निघणार होता. विचारते.” दहा मिनिटांनी तिचा फोन आला, त्याने कुणाला तरी विनंती करून पाळी बदलून घेतली होती. कमळा तोवर साडी बदलून तयार झाली होती. हातात पिशवी. स्कूटरवर मागे बसून तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गणपतीपुळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तो तिथून काढला नाही.

आऱ्या-वाऱ्याला पोचले तेव्हा ऊन अजून पांढरं होतं. ती दोघं आधीच येऊन थांबली होती. वेदिकाने कमळाला बघितलं आणि जागच्या जागी थांबली. कमळाने पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले, तिथेच एका कातळावर तिला बसवलं आणि तिची ओटी भरली. तिच्या कपाळाला कुंकू लावलं. ऋत्विक वाकून पाया पडला तेव्हा म्हणाली, “हिला रात्री पाय दुखतात. उभं राहून शिकवायची नोकरी. लक्ष ठेव.” तो हो म्हणाला. वेदिकाने पदर डोळ्यांना लावला होता आणि अनिल दुसरीकडे तोंड करून सूर्य किती बोटं वर आहे ते मोजत होता. चार बोटं. अजून अर्धा तास तरी थांबायला हवं होतं.

त्या अर्ध्या तासात तो कमळाजवळ कातळावर जाऊन बसला. खिशातून मोबाइल काढला आणि तो फोटो तिच्यापुढे धरला. कधी आला, कसा आला, ते सांगितलं. कमळाने फोन हातात घेतला, बराच वेळ बघितला. “हा मला नाही पाठवलान,” ती म्हणाली. तिला पहिलं दुखलं ते तेच. मग म्हणाली, “तुम्हाला काय वाटतं?”

“कळत नाही. सकाळचाही असेल, संध्याकाळचाही.”

“त्यानं काय फरक?”

“सकाळचा असेल तर तो उजेडात गेला,” अनिल म्हणाला. हे त्याने कधी स्वतःशीही शब्दांत म्हटलं नव्हतं. कमळाने पदराने मोबाइलची काच पुसली, जणू डाग फोटोवर होता. फोन त्याच्या हातात परत देत ती म्हणाली, “मग सकाळचा म्हणा.”

सूर्य बोटभर उरला तेव्हा अनिल उठला. त्या दोघांना त्याने सूर्याकडे पाठ करून उभं केलं नाही. समुद्राकडे तोंड करून, वाऱ्यात उभं केलं. ह्या वेळी ऊन मऊ होतं, डोळे उघडे ठेवून बघता येण्याएवढं. ते त्यांच्या गालांवर, वेदिकाच्या नथीवर, ऋत्विकच्या कानाच्या पाळीवर आलं आणि स्थिर झालं. अनिल पाण्यात मागे-मागे सरकत गेला, गुडघ्यापर्यंत भिजला. तो काही सांगत नव्हता आणि त्यांनाही काही करावं लागत नव्हतं. मधेच ऋत्विक म्हणाला, “काका, एक विचारू? संदेश कसा होता?” वेदिका त्याच्याकडे बघायला लागली. दोन वर्षांत लोकांनी संदेश कसा गेला हे विचारलं होतं, कंपनीने काय म्हटलं हे विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. अनिलने कॅमेरा खाली घेतला. किती गोष्टी होत्या, आणि तोंडात आली ती भलतीच. “फोटो काढताना डोळे मिटायचा,” तो म्हणाला. “अगदी लहानपणापासून. किती सांगितलं तरी. बटण दाबलं की मिटले.” वेदिका हसली, आणि हसता हसता तिने तोंडावर हात घेतला. सूर्य बुडाला तरी आभाळ बराच वेळ गुलाबी राहिलं. अनिलने ते संपेपर्यंत, पडद्यावर चेहरे करडे व्हायला लागेपर्यंत काढलं. निघताना वेदिका कमळाच्या गळ्यात पडली. अनिलला तिने वाकून नमस्कार केला, आणि त्याच्या भिजलेल्या विजारीला लागलेली वाळू हाताने झटकली, सासऱ्याची झटकावी तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळा त्याच्याबरोबर दुकानात आली. दुकानात ती वर्षातून एकदा, दसऱ्याच्या पूजेला यायची. “आप्पांना फोन केलाय मी,” ती म्हणाली. “संदेशच्या दिवसांना भटजी पुढच्या सोमवारचं म्हणतायत. वेदिकाच्या लग्नाआधी होऊ दे, मनात काही राहायला नको तिच्या. तुम्ही त्याचा फोटो शोधून काढा एक, भिंतीवर लावायचा.” त्याने संगणक सुरू केला. संदेशचे फोटो तसे शेकडो होते, बारशापासूनचे, पण एकेक उघडत गेला तसे डोळे मिटलेले निघत गेले. शाळेच्या गणवेशातला, कॉलेजातला, पहिल्या जहाजावर निघतानाचा. कमळा मागे उभी राहून बघत होती. कुठे अर्धे मिटलेले, कुठे तोंडावर हात, कुठे ऊन कडक. शेवटी साखरपुड्यानंतरच्या एका पहाटेचे निघाले. मांडवीच्या जेट्टीवरचे, ऊन यायच्या आधीचे. दोघं उभी आहेत, संदेश समोर बघतोय, डोळे उघडे, काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखे. सगळं आभाळ त्यांत उतरलेलं. शेजारी वेदिका. तिचा एक हात त्याच्या खांद्यावर.

“हा,” कमळा म्हणाली.

अनिलने चौकट आखली. वेदिका बाहेर गेली, जेट्टीचा कठडा गेला, समुद्र थोडा राहिला. संदेशच्या डाव्या खांद्यावर तिची चार बोटं राहिली. चौकट आणखी आत घेतली तर त्याचा खांदा कापला जात होता. दोघंही त्या बोटांकडे बघत राहिले. “राहू देत का?” अनिलने विचारलं. कमळाने मान हलवली. “हार घालायचा त्याला,” ती म्हणाली. “जितीजागती पोर ती. काढा.”

हे काम दोन मिनिटांचं. फोटोतल्याच शेजारच्या कापडाचा तुकडा घेऊन बोटावर बसवायचा. असं त्याने लोकांच्या फोटोंतून विजेच्या तारा काढल्या होत्या, परके लोक, भिंतीवरचे डाग काढले होते. करंगळी गेली. मग तिच्या शेजारचं बोट, अंगठीसकट. मग मधलं. शेवटचं बोट काढताना त्याचा हात थांबला, तर कमळाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याने तेही काढलं. खांदा मोकळा झाला. फक्त तिने जिथे धरलं होतं तिथे शर्टाला चुण्या पडल्या होत्या, चार बारीक चुण्या, खांद्यावरून छातीकडे ओढल्या गेलेल्या. त्या पुसायला आणखी अर्धं मिनिट पुरलं असतं. अनिलने त्या पुसल्या नाहीत. त्याने फोटो छापायला लावला, आणि कागद हळूहळू बाहेर येताना दोघं यंत्रापाशी उभी राहिली.